‘यशस्वी’ या शेऱ्याखालचे सात महिने

मी मराठवाड्यातील एका तहसील कार्यालयात, संजय गांधी योजना शाखेत महसूल सहायक म्हणून काम करतो. आमचे काम अर्ज मंजूर करण्याचे असते असे बाहेरच्यांना वाटते. पण मंजुरी समितीच्या बैठकीत होते, आणि आमचा बहुतेक वेळ आधीच मंजूर झालेल्या माणसांना पैसे का मिळाले नाहीत, याचा शोध घेण्यात जातो.

गेल्या डिसेंबरात ज्या आजी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या, त्या त्याआधी तीनदा येऊन गेल्या होत्या. त्यांना निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मंजूर आहेत. मुलगा आणि सून दोघेही वारल्यामुळे दोन नातवंडे त्यांच्याकडे असून, त्या मुलांना बालसंगोपन योजनेतून प्रत्येकी महिना २२५० रुपये मंजूर आहेत. तिन्ही वेळा मी आधार क्रमांक टाकून पाहिला, दर महिन्यापुढे ‘यशस्वी’ असा शेरा दिसला, आणि ‘आजी, तुमचे पैसे गेले आहेत, बँकेत विचारा’ असे सांगून मी त्यांना परत पाठवले. बँकेने पासबुक भरून दिले. त्यात सात महिन्यांत एक रुपयाही जमा नव्हता. चौथ्या वेळी त्यांनी पासबुक माझ्यासमोर उघडून ठेवले आणि विचारले, ‘सायेब, तुमी म्हणता गेले, तर मंग गेले कुठं?’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याच संगणकात होते, हे मला आजही बोचते. डिसेंबर २०२४ पूर्वी आम्ही देयक तयार करून कोषागारातून रक्कम काढत असू आणि खाते क्रमांकांसह याद्या बँकांना पाठवत असू. रक्कम कोणत्या शाखेत गेली हे आम्हाला तोंडपाठ असे. आता पैसे थेट आधार क्रमांकावर जातात. पासबुकावर ‘आधार लिंक’ असा शिक्का असला, तरी पैसे त्याच खात्यात येतील असे नाही. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले असे व्यवहार चालवणारी मध्यवर्ती संस्था, तिच्या नोंदीत एका आधार क्रमांकापुढे एकच बँक असते, आणि ती सर्वांत शेवटी जोडलेली बँक असते. हा फरक गावातल्या माणसाला कोणीही समजावून सांगितलेला नाही. आम्हालाही प्रशिक्षणात तो ओझरताच सांगितला गेला. त्या दिवशी मी अहवाल पूर्ण उतरवून घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यावर न थांबता उजवीकडे सरकत गेलो. शेवटच्या रकान्यात बँकेचे नाव होते, आणि ते पासबुकावरचे नव्हते.

आजींना आठवले ते इतकेच, की मे महिन्यात बाजाराच्या दिवशी त्यांनी नवे सिमकार्ड घेतले होते आणि दुकानदाराने त्यांचा अंगठा दोनदा घेतला होता. दुसऱ्या अंगठ्याने त्यांचे पेमेंट बँकेत खाते उघडले गेले होते. ज्या बाईला स्वतःची सही करता येत नाही, तिच्या अंगठ्याची ‘संमती’ अशी घेणाऱ्यांना कोणीच जाब विचारत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

खात्री करण्यासाठी ओटीपी हवा होता, पण आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक वारलेल्या मुलाचा होता. म्हणून मी त्यांना तालुक्यातल्या त्या बँकेच्या केंद्रावर घेऊन गेलो. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला उमटत नाहीत. आम्ही हात साबणाने धुवून पाहिले, बोटांना खोबरेल तेलाचा हात लावून पुसून पाहिले, आठ बोटे नाकारली गेली. डाव्या हाताची करंगळी चालली. खात्यात १०,५०० रुपये जसेच्या तसे होते. एका वेळी १०,००० पेक्षा जास्त निघत नाहीत, म्हणून करंगळी दोनदा लावावी लागली.

पैसे मोजून कनवटीला लावताना आजी म्हणाल्या, ‘आता पोरगी असती, तर वह्या घेतल्या असत्या.’ तेव्हा मला उरलेली हकिकत कळली. घरात पैसा येईना, उसनवारी थकली, म्हणून सातवीत शिकणाऱ्या नातीला त्यांनी दिवाळीनंतर मावशीच्या कोयत्याबरोबर, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडीबरोबर, ऊसतोडीला पाठवले होते. ती शाळेत नाही म्हणून शाळेचे बोनाफाईड मिळाले नाही, आणि बोनाफाईड नाही म्हणून तिच्या बालसंगोपनाच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अडकला होता. मुलीचे संगोपन आणि शिक्षण नीट व्हावे यासाठी असलेले अनुदान, तिने शाळा सोडल्याच्या कारणावरूनच थांबले होते. आमची योजना सामाजिक न्याय विभागाची, ती महिला व बालविकास विभागाची. एकाच घरातले दोन्ही पैसे आटले, तरी ते एकत्र दिसतील असा संगणकाचा पडदा कोणाकडेही नाही.

त्यातही श्रावणबाळ योजनेसाठी वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. तीनशे रुपये रोज धरला, तर सत्तर दिवसांत ही मर्यादा संपते. इतक्या हलाखीतल्या माणसाकडे सात महिने थांबण्याइतके काही शिल्लक असेल, असे आम्ही कशावरून धरतो?

एका सहकाऱ्याने मला सांगितले, ‘आपल्या बाजूने पेमेंट सक्सेस आहे, तू कशाला धावतोस?’ ते वाईट माणूस नाहीत आणि नियमाने त्यांचे बरोबरही आहे. आमच्या आढावा बैठकीत ‘यशस्वी’ची टक्केवारी विचारली जाते, आणि त्या टक्केवारीत आजींचे सातही महिने मोजले गेले होते.

आजींच्या जुन्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज मी स्वतः भरून दिला आहे; पुढचा हप्ता कुठे पडतो ते पाहायचे आहे. अहवालातले बँकेचे नाव आमच्या नोंदीतल्या बँकेशी जुळत नाही अशा लाभार्थ्यांची नावे मी रोज संध्याकाळी वहीत उतरवतो आहे. जिल्हा कार्यालयातल्या बाईंशी फोनवर बोललो. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि बोनाफाईड आणण्यास सांगितले. मुख्याध्यापक म्हणतात, मुलगी वर्गात येऊन बसू दे, त्याच दिवशी देतो. कारखाना मार्चपर्यंत चालेल. मावशीने मजुरीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतलेली आहे, त्यामुळे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मुकादम पोरीला सोडणार नाही, असे आजी सांगतात.