खाडाखोडीला जागा देणारी वही

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती या साऱ्यांनी हाताला शिस्त लावली हे खरे. परंतु आधी पुसट आराखडा, मग खोडरबर आणि सर्वांत शेवटी पक्की रेघ ही पद्धत इतकी अंगवळणी पडली की समोर नमुना नसला आणि विषय कोणी नेमून दिलेला नसला, म्हणजे कोऱ्या पानाची धास्तीच वाटू लागे. पुढे नोकरी लागली तीही लेखा विभागात, जिथे खाडाखोड हा दोषच मानला जातो. चित्र सुटले ते अनेक वर्षांसाठी.

ते पुन्हा हाती धरण्याचा धीर आला तो रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांची छायाचित्रे पाहून. कवितेतले खोडलेले शब्द ते तसेच सोडून देत नसत. त्या खोडलेल्या रेघा एकमेकींना जोडून त्यांतून पक्षी, मुखवटे, कुठल्याच पुराणात नसलेले प्राणी उभे करीत. 1861 साली जन्मलेल्या या माणसाने चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेता साठीनंतर चित्रे काढण्यास खऱ्या अर्थाने सुरुवात केली आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यांची प्रतिभा आपल्याकडे नाही हे उघडच आहे, पण खोडलेल्या जागेवरून पुढे जाण्याची त्यांची रीत उचलायला प्रतिभा लागत नाही, असे मला वाटले.

मी स्वतःसाठी नियम ठरवले ते थोडकेच. रोज दहा मिनिटे, एक पान, साधे बॉलपेन. काय काढायचे हे आधी ठरवायचे नाही. डोळे मिटून एक रेघ ओढायची, डोळे उघडायचे आणि ती रेघ कशासारखी वाटते ते पाहत पुढे जायचे. खोडायचे नाही, पान फाडायचे नाही आणि महिना संपेपर्यंत मागची पाने उलटून पाहायची नाहीत. बॉलपेन घेण्याचे कारण निव्वळ नागपुरी आहे. उन्हाळ्यात इथे दिवसरात्र कूलर चालतो, त्याच्या दमट हवेत वहीचा कागद सर्द होतो आणि शाईच्या पेनाची रेघ कडेने फुटते. बॉलपेनाची तेलकट शाई तशी पसरत नाही. शिवाय महागड्या जाड कागदाची वही घेतली असती, तर पान वाया जाईल या विचारानेच हात आखडला असता. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातली कोरी वही त्या दृष्टीने उत्तम.

जयप्रकाश नगर ते कस्तुरचंद पार्क हा मेट्रोचा प्रवास या कामासाठी सोयीचा ठरला. सुरुवातीचे काही आठवडे मात्र कंटाळवाणे गेले. रेघ कुठूनही निघाली तरी तिचे शेवटी पान, फूल किंवा कोयरीच होई, कारण हाताला पाठ असलेले तेवढेच होते. अनेकजण इथेच थांबतात, असा माझा कयास आहे. आपल्याकडे कल्पना नाहीत असे त्यांना वाटते. माझ्या मते तसे नसते. पाठ असलेले आकार आधी बाहेर पडून जावे लागतात आणि ते लवकर संपावेत यासाठी रोज बसण्यावाचून दुसरा उपाय नाही.

पहिल्यांदा वेगळे काही घडले ते गाडीच्या हिसक्यामुळे. स्थानक आले, धक्का बसला आणि एक तिरकी रेघ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एरवी मी वही मिटली असती. नियमानुसार पुढे जाणे भाग होते, म्हणून त्या रेघेला छत्रीची दांडी केले. छत्रीखाली कोणीतरी हवे म्हणून पोहेवाला आला, त्याच्यापुढे तर्रीचे पातेले आले आणि पातेल्यातून निघालेल्या वाफेच्या वेटोळ्यांनी उरलेले पान भरून गेले. पोहेवाल्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा बराच लांब झाला होता, पण पळीने तर्री वाढताना तो तसाच शोभत होता. चित्र फारसे चांगले नव्हते. तरीही पुढची रेघ कुठे न्यायची याचा निर्णय न घाबरता, सलग दहा मिनिटे मी घेत होतो, आणि आत्मविश्वास म्हणतात तो मला तरी याच रूपात भेटला.

1920 च्या दशकात आंद्रे मासों आणि त्यांच्यासारख्या अतिवास्तववादी चित्रकारांनी हात मोकळा सोडून रेखाटने केली ती अबोध मनाचा ठाव घेण्यासाठी. माझा असा काही दावा नाही. लेखा विभागातल्या माणसाच्या अबोध मनात बहुधा पोहेच असावेत.

ओळखीच्या काहींनी रोजचे चित्र समाजमाध्यमांवर टाकण्याचा सल्ला दिला. काही दिवस तसे करून पाहिले आणि लगेच लक्षात आले की पेन टेकवण्याआधीच लोकांना काय आवडेल हा विचार डोक्यात येऊ लागला आहे. ते बंद केले. ज्यांना कौतुकाने बळ येते त्यांनी जरूर टाकावे, पण निदान पहिले वर्षभर वही झाकलेली ठेवणे मला अधिक हिताचे वाटते.

या सवयीचा कस लागला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारीत मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी काढतात त्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत. 'घेऊन जा गे मारबत'चा गजर, बडग्यांचे पुतळे आणि मागून रेटणारी गर्दी यांत आराखडा आखायला सवडच नव्हती. धक्का लागला की रेघ जिथे जाई तिथून मी पुढे काढत राहिलो. शेजारच्या एका काकांनी वहीत डोकावून "हे काय काढून राहिले भाऊ?" असे विचारले, तेव्हा वही न झाकता "पिवळी मारबत, बहुतेक" असे मी सांगू शकलो.

अलीकडे कार्यालयातल्या एका निरोप समारंभासाठी फळा सजवण्याचे काम माझ्याकडे आले. कच्चे चित्र आधी दाखवा, असा आग्रह झाला. तसे काही नसते, असे सांगून मी थेट खडू टेकवला. रंगांना मात्र अजून हात लावलेला नाही. तो विचार पावसाळ्यानंतर, कूलर माळ्यावर गेला की करीन.