नुसत्या ३०० ला काही अर्थ नसतो

आमच्या एका सर्व्हिसच्या कॉन्फिग फाईलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाईलमध्ये, एक ओळ होती, कॅशे टीटीएल ३००, म्हणजे डेटाबेसमधून आणलेल्या माहितीची हाताशी ठेवलेली प्रत (कॅशे) किती वेळ ताजी धरायची तो आकडा. तीनशे काय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरज पण कोणाला वाटली नव्हती, कारण टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं की ते सेकंद आहेत, म्हणजे पाच मिनिटं. मग ती सर्व्हिस आम्ही दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिली, कॉन्फिग फाईल मात्र जशीच्या तशी उचलली, आणि नवीन लायब्ररीने तो आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला. पाच मिनिटं टिकणारा कॅशे अर्ध्या सेकंदाच्या आत शिळा व्हायला लागला.

यात सगळ्यात वाईट काय, तर काहीच तुटलं नाही. टेस्ट सगळ्या पास होत्या, लॉगमध्ये एकही एरर नव्हती, फक्त डेटाबेसवरचा लोड वाढला होता. आम्ही दोन दिवस क्वेरी तपासत बसलो, इंडेक्स बघितले, कनेक्शन पूल वाढवून बघितला तर डेटाबेस अजूनच दमला, आणि मग कोणीतरी सहज कॅशेचा हिट रेट (किती वेळा माहिती कॅशेतूनच मिळते तो आकडा) उघडला तेव्हा कळलं की कॅशे आहे फक्त नावाला.

तेव्हापासून या बाबतीत मी हट्टी झालेय. कॉन्फिगमध्ये कालावधी लिहायचा असेल तर युनिट त्या व्हॅल्यूतच पाहिजे, ३००एस (सेकंद) किंवा ५एम (मिनिटं) असं, आणि कोणी नुसता आकडा दिला तर प्रोग्रामने सुरूच होऊ नये. डीफॉल्ट युनिट ही सोयच नको.

हे टोकाचं वाटत असेल तर आपण रोज वापरतो ती सॉफ्टवेअर्स नुसत्या आकड्याचं काय करतात ते एकदा बघा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये नुसता ३० म्हणजे ३० सेकंद. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरच्या टाइमआउटमध्ये (किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं त्या सेटिंगमध्ये) तोच ३० म्हणजे ३० मिलिसेकंद. लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारं सिस्टीमडी सेकंद धरतं, जावास्क्रिप्टचं सेट-टाइमआउट मिलिसेकंद. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर एकाच फाईलमध्ये स्टेटमेंट टाइमआउटचा नुसता आकडा मिलिसेकंदात आणि ऑथेंटिकेशन टाइमआउटचा सेकंदात धरला जातो. जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये कालावधीच्या सेटिंगला युनिट नसेल तर साधारण मिलिसेकंद, पण सर्व्हलेट (वेब) सेशनच्या टाइमआउटला सेकंद. यातलं सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, मान्य, पण रात्री दोन वाजता दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली फाईल वाचताना ते डॉक्युमेंटेशन समोर नसतं, समोर फक्त ३० असतो. आणि या बहुतेकांमध्ये युनिट लावून लिहायची सोय आहे, आपण ती वापरत नाही इतकंच.

मग लोक म्हणतात युनिट सेटिंगच्या नावात टाका. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये तसंच आहे, प्रोबच्या (सर्व्हिस नीट चालू आहे का ते बघणाऱ्या तपासणीच्या) टाइमआउटच्या नावातच सेकंद हा शब्द येतो, आणि नुसत्या आकड्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण मेसेज साठवून पुढे देणाऱ्या काफ्काकडे बघा, लॉग किती दिवस ठेवायचा यासाठी तीन सेटिंग्ज आहेत, एक तासांत, एक मिनिटांत, एक मिलिसेकंदात, आणि तिन्ही दिल्या तर मिलिसेकंदवाली जिंकते. सात दिवस मिलिसेकंदात लिहायचे तर ६०४८०००००. साठ कोटी अठ्ठेचाळीस लाख. यातला एक शून्य कमी झाला तर रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्याला कळेल का? मला नाही कळणार. ७डी (डी म्हणजे डेज) असं लिहिलं असेल तर कोणालाही कळेल.

मेमकॅशडी या कॅशे सर्व्हरचा किस्सा मला आजही अस्वस्थ करतो. तिथे एक्स्पायरी, म्हणजे ठेवलेली गोष्ट कधी बाद होणार ते, सेकंदात द्यायची, पण आकडा ३० दिवसांच्या वर गेला, म्हणजे २५९२००० च्या पुढे, की तो कालावधी न राहता युनिक्स टाइमस्टॅम्प, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, होतो. तुम्ही ३१ दिवस म्हणून २६७८४०० दिले तर त्याचा अर्थ होतो १ फेब्रुवारी १९७०, आणि ठेवलेली गोष्ट ठेवताक्षणी एक्स्पायर. एकाच जागी आकड्याचे दोन अर्थ कोंबले की असं होतं.

बरं, युनिट लिहायचं ठरलं तरी अक्षरांचा घोळ आहेच. छोटा एम म्हणजे मिनिट आणि मोठा एम म्हणजे महिना, हे एनजिनएक्समध्येही आहे आणि सिस्टीमडीमध्येही, वर दोघांचा महिना पण सारखा नाही, एकाचा ३० दिवसांचा आणि दुसऱ्याचा ३०.४४ दिवसांचा. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहायच्या मानकामध्ये पी१एम म्हणजे एक महिना आणि पीटी१एम म्हणजे एक मिनिट, सगळा फरक त्या एका टीमध्ये. मशीनने मशीनशी बोलायला हा फॉरमॅट उत्तम आहे, जावाचं ड्युरेशन तेच वाचतं, पण माणसाने हाताने भरायच्या फाईलमध्ये मी तो ठेवणार नाही. पोस्टग्रेसने मिनिटासाठी एम न घेता एमआयएन घेतलंय, दोन अक्षरं जास्त टाइप करावी लागतात पण गैरसमजाला जागाच नाही, मला हा निर्णय फार आवडतो.

गो भाषेत दिवस हे युनिटच नाही, तासापर्यंत येऊन थांबतं. आधी मला याचा राग यायचा, ३० दिवसांसाठी ७२० तास काय लिहायचं. नंतर कारण कळलं, जिथे घड्याळ पुढेमागे करतात तिथे वर्षातला एखादा दिवस २३ तासांचा असतो आणि एखादा २५ चा, त्यामुळे दिवस ही ठाम लांबी नाही. कारण पटलं, तरी कॉन्फिगसाठी माझं मत वेगळंच आहे, दिवस म्हणजे नेमके २४ तास असं स्पष्ट लिहून ठेवा आणि डी द्या, आठवडा पण द्या. महिना आणि वर्ष मात्र अजिबात नको.

कॉन्फिग यामल फॉरमॅटमध्ये लिहीत असाल तर व्हॅल्यू कोट्समध्ये घाला. यामल १.१ मध्ये कोट्सशिवाय १:३० लिहिलं की ते साठाच्या पायाचा आकडा समजून ९० (१ × ६० + ३०) होतं. १.२ मधून ते काढलं, ते २००९ साली, पण पायथॉनची पायवायएएमएल लायब्ररी अजून १.१ च्याच नियमाने वाचते.

शून्याचं पण ठरवून ठेवा. टाइमआउट ० म्हणजे लगेच थांब की कधीच थांबू नकोस? पोस्टग्रेसमध्ये स्टेटमेंट टाइमआउट ० म्हणजे टाइमआउट बंद. मला वाटतं बंद करायचं असेल तर त्याला शब्द असावा, सिस्टीमडीत इन्फिनिटी लिहिता येतं तसा, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

वाचण्याइतकंच छापणंही महत्त्वाचं आहे आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही. गोमध्ये ९० मिनिटं छापली की १एच३०एम०एस (१ तास ३० मिनिटं ० सेकंद) येतं, ३० दिवस छापले की ७२०एच०एम०एस, आणि तीच व्हॅल्यू जेसन या डेटा फॉरमॅटमध्ये टाकली तर नॅनोसेकंदांचा आकडा, पाच मिनिटांसाठी तीस हजार कोटी. तुमचं टूल जर कॉन्फिग वाचून परत लिहीत असेल तर माणसाने जे लिहिलं होतं तेच ठेवा, ९०एम चं स्वतःहून दुसरं काही करू नका, नाहीतर काहीही न बदलता गिटमध्ये पन्नास ओळींचा डिफ (काय बदललं त्याची यादी) दिसतो आणि खरा बदल त्यात हरवतो. आणि सर्व्हिस सुरू होताना प्रत्येक कालावधी युनिटसकट लॉगमध्ये छापा. आमच्या लॉगमध्ये पहिल्याच दिवशी कॅशे टीटीएल ३००एमएस (मिलिसेकंद) असं दिसलं असतं तर ते दोन दिवस गेलेच नसते.

शेवटी आम्ही स्वतःचा छोटा पार्सर, म्हणजे हे कालावधी वाचून तपासणारा कोड, लिहिला. आधी एक रिलीज नुसत्या आकड्याला फक्त वॉर्निंग, त्याच्या पुढच्या रिलीजपासून सरळ एरर. टीममधल्या एकाने विरोध केला की चालू असलेल्या फाईली कशाला मोडायच्या, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तर मध्ये वॉर्निंगचं रिलीज ठेवलं. मेसेज पण नीट लिहिला, नुसतं व्हॅल्यू चुकीची आहे असं नाही, तर "३०० ला युनिट नाही, ३००एस म्हणायचंय की ३००एमएस?" असा.

वॉर्निंग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात अशा तीन फाईली निघाल्या. त्यातल्या दोन फाईलींमध्ये सेकंदच हवे होते. तिसरीत एका जॉबचा टाइमआउट १५ होता, जिने लिहिला होता तिला विचारलं तर ती म्हणाली, अगं पंधरा मिनिटं. तो जॉब वर्षभर पंधराव्या सेकंदाला मारला जात होता, आणि रिट्राय होऊन कधीतरी पास व्हायचा म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.