एक्स-रे साफ होता

ड्युअल एनर्जी सीटी म्हणजे एकाच वेळी दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या एक्स-रे किरणांनी केलेला सीटी स्कॅन. त्याची एक अट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. आमच्याकडच्या मशिनवर ती पद्धत स्कॅन सुरू करण्याआधीच निवडावी लागते. एकदा साध्या पद्धतीनं स्कॅन उरकला की मागाहून त्यातून दुसऱ्या ऊर्जेची माहिती निघत नाही, पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. म्हणून अर्जावर काय लिहिलंय ते वाचून झालं तरी पेशंटला दोन शब्द विचारल्याशिवाय मी बटण दाबत नाही. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका आज्जींच्या बाबतीत त्या विचारण्यावरच सगळं ठरलं.

मी बेळगावात सीटी टेक्निशियन आहे. आज्जी जांबोटीकडच्या. भातलावणीचे दिवस, घरची माणसं शेतात, आणि परड्यात शेवाळावरून घसरून त्या डाव्या अंगावर पडल्या. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला, त्यात फ्रॅक्चर दिसलं नाही. गोळ्या मिळाल्या, घरी तेल लावून चोळणं झालं, नातवानं धरून चालवायचाही प्रयत्न केला. आठवडा गेला तरी पाय टेकेना, तेव्हा भाड्याची गाडी करून त्यांना बेळगावला आणलं.

अर्जावर ‘खुब्याचा साधा सीटी’ एवढंच होतं. सोबत आणलेली एक्स-रेची फिल्म मी लाइटवर धरून बघितली. चांगली काढलेली होती आणि तिच्यात खरोखरच काही दिसत नव्हतं. खुब्याचं हाड मोडून सरकल्यावर होतो तसा पाय आखूड झालेला नव्हता, बाहेरच्या बाजूला वळलेलाही नव्हता.

“आज्जी, नेमकं कुठं दुखतंय?”

“कंबर न्हवं बाळा, हितं,” म्हणत त्यांनी जांघेवर हात ठेवला. “पाय टेकला की जीव जातोय बघ.”

टेबलावर घेताना आमच्या मदतनिसानं “अज्जी, अल्लाडब्याड्री” (हलू नका) असं कानडीत म्हणत टाचेला नुसता आधार दिला, तरी त्या कळवळल्या. चादर सारखी करताना डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली उंचवटा दिसला. पेसमेकर. नातू म्हणाला, बसवून बरीच वर्षं झाली, कार्ड कुठं ठेवलंय ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे एमआरआयचा रस्ता त्या दिवशी बंद होता. न दिसणारं फ्रॅक्चर शोधायला एमआरआयच सगळ्यात भरवशाचा, पण पेसमेकर कुठल्या बनावटीचा आहे हे कळल्याशिवाय त्या चुंबकात कुणाला नेत नाहीत. सीटीत तशी अडचण नव्हती. आमचे किरण खुब्यावर पडणार होते, छातीवर नव्हे.

मी रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन लावला. “एक्स-रे साफ आहे, पण जांघेत दुखतंय आणि वजन घेता येत नाही. पेसमेकर आहे. ड्युअल एनर्जीवर घेऊ का?” त्या लगेच म्हणाल्या, “घे. दोन्ही खुबे एकत्र घे.” या पद्धतीत दोन एक्स-रे नळ्या चालतात म्हटल्यावर रेडिएशन दुप्पट लागणार का, असं नातवानं विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. मात्रा दोन नळ्यांत वाटली जाते, दुप्पट होत नाही, हे त्याला नीट सांगूनच पुढं गेलो.

या मशिनमध्ये दोन एक्स-रे नळ्या एकाच वेळी फिरतात, एक ८० किलोव्होल्टवर आणि दुसरी १४० वर. कॅल्शियमसारखं जड मूलद्रव्य कमी ऊर्जेचे किरण फार जास्त शोषतं. पाणी आणि चरबी यांच्यात दोन ऊर्जांमधला फरक त्या मानानं थोडा पडतो. त्या फरकावरून संगणक कॅल्शियम ओळखतो आणि चित्रातून वजा करतो. साध्या सीटीत हाडाच्या जाळीतलं कॅल्शियम इतकं पांढरं उठतं की आतल्या मज्जेचं काय झालंय ते झाकलं जातं. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्यात मज्जा बहुतेक चरबीचीच असते. हाड मोडलं की तिथं रक्त आणि पाणी साचतं, आणि कॅल्शियम काढून टाकल्यावर तेच उघडं पडतं. दोन व्होल्टेजवर चित्र घेऊन पदार्थ वेगळे ओळखता येतील, हे सीटीचे जनक हाउन्सफील्ड यांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलं होतं. दोन नळ्यांची मशिनं दवाखान्यांत यायला २००६ उजाडलं.

एरवी ही पद्धत आम्ही मूतखड्यासाठी जास्त वापरतो. खडा युरिक ॲसिडचा निघाला तर लघवी अल्कधर्मी करणाऱ्या औषधानं तो विरघळू शकतो, कॅल्शियमचा असेल तर नाही. गाऊट नावाच्या संधिवातात सांध्यात साचणारे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, खडेही यात रंगीत दिसतात.

आज्जींचा स्कॅन काही सेकंदांत झाला. साध्या चित्रात हाडं विरळ, पण रेघ अशी कुठं ठरेना. मग मी रंगीत नकाशा तयार केला. उजवा खुबा एकसारखा जांभळा. डाव्या मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या सांध्यात बसणाऱ्या गोळ्याच्या खालचा निमुळता भाग, तिथं रक्त-पाणी साचल्याचा हिरवा पट्टा आडवा गेलेला. मॅडम आल्या, काही न बोलता खुर्ची ओढून बसल्या. रंगावर त्या कधीच थांबत नाहीत, कारण लाल मज्जा (रक्तपेशी तयार करणारी) किंवा हाडाच्या कडेजवळची गडबडसुद्धा तसाच रंग देऊ शकते. त्यांनी साधी चित्रं पातळ थरांत परत उघडली, त्याच जागी आल्या, आणि माउसचा बाण एका ठिकाणी स्थिर धरला. हाडाच्या वरच्या कडेला एक बारीक पायरी होती. शोधायची जागा कळल्यावर ती मलाही दिसली.

मान मोडली होती, पण तुकडे जागेवर होते. आणखी काही दिवस आज्जींना असंच धरून चालवलं असतं तर ते सरकायचा धोका होता. सरकले की मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग गोळाच बदलायची मोठी शस्त्रक्रिया. या वयात, पेसमेकर असलेल्या छातीला, ती काही साधी गोष्ट नाही. जागेवरचं फ्रॅक्चर स्क्रूवर भागतं.

नातू सारखा विचारत होता, “पण एक्स-रे साफ होता ना?” मी त्याला दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. तेल चोळल्याचं आठवून त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, फिल्मवर नव्हतंच काही, तुम्ही करायचं ते केलंत. आज्जींना मात्र तिथून स्ट्रेचरवरच वॉर्डात नेलं, खाली उतरू दिलं नाही.

हृदयाच्या डॉक्टरांनी पेसमेकर तपासला आणि दुसऱ्या दिवशी तीन स्क्रू बसले. आता पडलेलं म्हातारं माणूस साफ एक्स-रे घेऊन आलं आणि पाय टेकवता येत नसेल, तर हाडांचे डॉक्टर अर्जावर ‘ड्युअल एनर्जी’ स्वतःच लिहून पाठवतात. पेसमेकरचं मात्र अजूनही मलाच विचारावं लागतं.