पावडर आणि ट्यूब एकाच बिलात

कोपरखैरण्यात एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. म्हणजे खरंच काउंटरवर उभी असते, नुसतं सर्टिफिकेट भिंतीला टांगून घरी बसणाऱ्यातली नाही. संध्याकाळी ऐरोलीच्या कंपन्या सुटल्या की आमच्याकडे जी झुंबड उडते त्यात कुणाशी नीट बोलायलाच मिळत नाही, आणि हा सगळा प्रकार नेमका त्याच वेळेला झाला.

चाळिशीच्या एक ताई आहेत, नेहमीच्या गिऱ्हाईक. दर महिन्याला कोलाजेन पावडरचा डबा नेतात. कोलाजेन म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन. त्या दिवशी डबा घेतला आणि पर्समधून एक चेपलेली रिकामी ट्यूब काढून काउंटरवर ठेवली, "ही पण एक दे गं."

ट्यूब हातात घेऊन बघितली तर डाग उजळवणारी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन, शिवाय मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. वांगासाठी स्किनचे डॉक्टर हे थोडे आठवडे देतात, मग बंद करतात. चिठ्ठी विचारली तर म्हणाल्या, "चिठ्ठी कसली, पार्लरवालीने दिलीय. दिवाळीपासून लावतेय, इतका छान गोरेपणा आला होता. आता बघ ना, उन्हात गेलं की नुसती आग होते, स्किन पातळ झाल्यासारखी वाटते. ही पावडर काही लागू पडत नाहीये, ती मरीनवाली, माशाची, स्ट्राँग असते का गं?"

ट्यूबलाइटखाली गाल बघितले. लालसर, आणि बारीक बारीक नसा अगदी कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसत होत्या.

आता बघा, त्वचेचा जो आतला थर असतो त्याच्या कोरड्या वजनातला 70 टक्क्यांच्या वर भाग कोलाजेनच असतो. ते बनवणाऱ्या पेशी असतात, फायब्रोब्लास्ट. स्टेरॉइड रोज चोळत राहिलं की या पेशींचं कामच मंदावतं, नवीन कोलाजेन बनत नाही आणि कातडी पातळ होते. म्हणजे या बाई दोन हजाराची पावडर ढवळून पितायत कोलाजेन वाढावं म्हणून, आणि रात्री त्याच कोलाजेनचा कारखाना बंद पाडणारं मलम लावतायत, आणि दोन्ही माझ्याच काउंटरवरून एका बिलात मागतायत.

पावडरचं पण सांगते, कारण रोज हेच विचारतात लोक. पोटात गेलेलं कोलाजेन गालावर जाऊन बसत नाही. ते पचतं, त्याचे अमिनो आम्ल आणि छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे बारीक तुकडे, होतात. काही अभ्यासांत ओलावा, लवचिकपणा थोडा सुधारलेला दिसलाय, पण 2025 मध्ये 23 चाचण्यांचा एक आढावा आला त्यात कंपन्यांच्या पैशाने न झालेले अभ्यास तेवढेच बघितले तर फायदा दिसेना. आणि झाडपाल्याचं कोलाजेन नसतं हो, ते गाईगुरांचं, कोंबडीचं नाहीतर माशाचं. डब्यावरचा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण दाखवला की गुरुवारवाल्या बायका असा डबा सोडतात की बस! खरं तर कोलाजेन खातं ते ऊन. काचेतून येणारं सुद्धा. पण सनस्क्रीनची ट्यूब महाग वाटते, डबा नाही वाटत.

मागे सात-आठ गिऱ्हाईकं, एक काका "पॅन-डी द्या हो" करून ओरडतायत, त्यात मी ताईंना सांगितलं की ही ट्यूब मी देत नाही, आणि घरी अजून थोडी शिल्लक असेल तर मनानेच झटकन बंदही करू नका, चेहरा जास्त भडकतो, उद्याच स्किनच्या डॉक्टरला दाखवा. त्यांचा चेहरा उतरला. मग चिडल्या. "इतके दिवस तर कुणी काही बोललं नाही!" ट्यूब याआधी कुठून घेतली हे काही सांगितलं नाही. डबा मात्र नेला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर स्टॉक बघत होते तर ती ट्यूब एक कमी. बिल मी गेल्यानंतरचं, मोबाईल नंबर त्यांचाच, आणि डॉक्टरच्या रकान्यात आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांच्या डॉक्टरचं नाव! 2018 साली सरकारने ही स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असं केलं, त्यावर आमच्याकडे निघालेला उपाय हा, रकाना भरायचा. पेट्यांवर चिठ्ठीच्या औषधाची लाल रेघ असते ती कोण बघतंय.

शेठना विचारलं. ते वाईट नाहीत, उधारीवर इन्सुलिन देणारा माणूस आहे. म्हणाले, "आपण नाही दिली तर समोरचा देतो, आणि गिऱ्हाईक कायमचं जातं." गिऱ्हाईक म्हणजे डबा, हे मला कळलं. सरकारने किंमत बांधलेल्या यादीतल्या औषधांवर दुकानदाराला 16 टक्के मार्जिन, पावडरला असलं काही बंधन नाही.

बरीच वादावादी केली तेव्हा त्या ट्यूबा पुढच्या रॅकमधून आतल्या खणात गेल्या, चावी माझ्याकडे, पण फक्त माझी ड्यूटी असेपर्यंत. रिकाम्या झालेल्या रॅकवर शेठनी कोलाजेनच्या सॅशेचा स्टँड ठेवलाय, कंपनीचा माणूस फुकट लावून गेला.