पोटाचा घेर आणि मेंदू

आज आई-बाबांना तपासणीला नेलं होतं. सिस्टरनी वजन घेऊन झाल्यावर टेप काढली आणि दोघांच्या कमरेचा घेर मोजला. बाबा ९८ सेंटिमीटर, आई ८६. आपल्याकडे धोक्याची रेषा पुरुषांना ९० आणि बायकांना ८०. ‘या वयात थोडं पोट सुटायचंच’ हे वाक्य आता ऐकवत नाही.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या संग्रहातल्या १२ हजारांहून जास्त लोकांच्या मेंदूचे एमआरआय तपासले होते. शरीरात चरबी जास्त असलेल्या पुरुषांमध्ये मेंदूच्या आतल्या बऱ्याच भागांचं आकारमान कमी दिसलं. बायकांमध्ये मात्र हा संबंध ग्लोबस पॅलिडस या एका छोट्या भागापुरताच. चरबीमुळेच मेंदू आक्रसतो, असं यातून सिद्ध होत नाही. तरी बाबांची काळजी वाटतेच.

म्हणून आई निर्धास्त, असंही नाही! पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटात साठायला लागते, आणि पोटातली चरबीच जास्त त्रासदायक. बायकांच्या तपासणीत हे कुणी आवर्जून सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

उद्यापासून दोघांना घेऊन संध्याकाळी चालायला जाणार आहे. बाबा कुरकुरले, पण तयार झाले.