लहान होत जाणारी पिसं

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या टॅटू स्टुडिओत बहुतेकांना महादेव, राजमुद्रा किंवा आईबाबांचं नाव हवं असतं, आणि रेघ कुठंही हललेली चालत नाही. त्या दिवशी शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिनं पिशवीतून चौकटीचा कागद काढला. त्यावर बॉलपेननं काढलेला मोर. रेघ जागोजागी थरथरलेली. पिसारा डावीकडं मोठा सुरू झालेला, पण उजवीकडं येईपर्यंत पिसं तांदळाएवढी झालेली.

"असाच हवा. काही सुधारू नका," ती म्हणाली.

वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे भोकांच्या कार्डांवर चालणाऱ्या मागाची, नक्षी करायचे. कागदावर एकेक घर भरायचं, त्यावरून कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो. एक घर चुकलं की ती चूक प्रत्येक चादरीत उतरते. आता त्यांना कंपवात आहे. या आजारात लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जातं, मोराचंही तेच झालं होतं. ते अवघडून बसले होते.

"पोरा, माझे जुने कागद आहेत घरी. त्यातला मोर चांगलाय, तो काढ की."

"नाना, तो मोर कारखान्याचा. हा तुम्ही माझ्यासाठी काढलाय."

अशा कच्च्या रेघेच्या टॅटूला इग्नोरंट स्टाईल म्हणतात. नव्वदच्या दशकात पॅरिसच्या रेल्वेगाड्यांवर ग्राफिटी करणाऱ्या फूझीनं ती टॅटूत रुजवली. शेडिंग नाही, प्रमाणाची फिकीर नाही. शाळकरी पोरानं वहीच्या मागं काढावं तशी उघडी रेघ. फोनवर फोटो पाहून नुसतंच वाकडंतिकडं मागणारेही येतात. ते करायला माझं मन घेत नाही. वाकड्या रेघेमागं कुणाचा तरी हात असावा लागतो. इथं तो समोर बसला होता.

मी मोराचा स्टेन्सिल, आकार सोडून, जसाच्या तसा काढला, तिच्या दंडावर उतरवून वाळू दिला. थरथरलेली रेघ काढायला स्वतःचा हात हलवून चालत नाही. सुई कातडीत एक-दोन मिलिमीटरच जायला हवी. खोल गेली तर शाई आत पसरते आणि रेघ फुगते. म्हणून श्वास रोखून, त्यांच्या पेनानं घेतलेला प्रत्येक झटका मी संथपणे, थांबत थांबत काढला. सरळ रेघेला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. सर्वांत कठीण होती शेवटची पिसं. इतक्या जवळच्या रेघा वर्षांनी एकमेकींत मिसळतात, म्हणून मोर कागदापेक्षा मोठा घ्यायला तिला आधीच राजी केलं होतं.

काम संपल्यावर नानांनी चष्मा लावला. कागद दंडाशेजारी धरून, आयुष्यभर नमुना तपासला तसा, पिसामागून पीस जुळवत गेले. मग मला म्हणाले, "जेकार्डवर ही रेघ आली नसती. तिथं सगळं घराघरानंच चढतं."

आणि कागदाच्या कोपऱ्यात, थरथरत्या हातानं, वळण घराघरानं कसं चढवतात ते मला काढून दाखवायला लागले.