खिळ्यापासून युनिकोडपर्यंत: आमच्या छापखान्याची वाटचाल

आबांनी १९७८ साली साताऱ्यात छापखाना टाकला तेव्हा भांडवल म्हणजे पायाने चालवायचं एक छपाईयंत्र म्हणजे ट्रेडल, खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, आठ-दहा केसा (खणांच्या पेट्या) आणि उधारीवर उचललेला कागद. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल अशी कामं. एकदा अहवालाचा शेवटचा फर्मा (एकदम छापायच्या पानांचा संच) लावताना ‘प’चे खिळे संपले. पुण्याहून नवे यायला दोन दिवस, आणि सभा दुसऱ्या दिवशी. आबांनी ‘ष’चे खिळे काढले, भिंग लावून बसले आणि टोच्याने ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ खरवडून काढली. झाला ‘प’. रात्रभरात असे बावीस खिळे केले. मी तेव्हा सातवीत होतो, कंदील धरून शेजारी बसलो होतो. आपल्या हत्याराला आपण हात लावू शकतो, हे मी त्या रात्री शिकलो.

१९९४ साली पहिला कॉम्प्युटर आला. मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्याबरोबर काडेपेटीएवढा डोंगल. तो मागच्या पॅरलल पोर्टला लावला नाही तर प्रोग्राम उघडतच नसे. कामाचा वेग चौपट झाला, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पुढच्या पंधरा वर्षांत दोनशे बारा पुस्तकं त्या मशीनवर जुळवली. पण ती सगळी अक्षरं त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमांकांत साठत होती, हे मला फार उशिरा कळलं. फॉन्ट काढला तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी जागतिक पद्धत. देवनागरी तिच्यात १९९१ पासूनच आहे, पण आमच्यापर्यंत ती गोष्ट पोचायला वीस वर्षं लागली.

२०११ मध्ये एका लेखकांना त्यांचं गडकिल्ल्यांवरचं पुस्तक ई-बुक करून हवं होतं. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक कन्व्हर्टर सॉफ्टवेअर कंपनीनेच विकत दिला होता, त्यातून मजकूर काढला. वरवर सगळं ठीक दिसलं. तिसऱ्या पानावर मी थांबलो. ‘सह्याद्रीच्या खोल दऱ्या’चं झालं होतं ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’. सगळ्या पायऱ्यांच्या ‘पायर्या’ झाल्या. आमच्या गावाचंही तेच, ‘साताऱ्याला’चं ‘सातार्याला’. एके ठिकाणी गडावरच्या आचाऱ्यांना शिधा दिल्याचा उल्लेख होता, तिथे तो आचार्यांना मिळाला होता.

कारण साधं आहे. जुन्या फॉन्टमध्ये तो आडवा अर्धा र स्वतंत्र चिन्ह म्हणून एका क्रमांकावर बसवलेला. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. कन्व्हर्टर साधाच ‘र’ घेऊन पाय मोडत होता, त्याचा रफार होत होता. म्हणजे कुठल्या जुन्या क्रमांकाचं युनिकोडमध्ये काय करायचं, या त्याच्या तक्त्यात एक ओळ चुकली होती. एकच ओळ! मी कंपनीला पत्र लिहिलं, सोबत चाळीस उदाहरणं जोडली. फोनवर बोलणारा माणूस सज्जन होता. म्हणाला, साहेब, तुमचं बरोबर आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, ती ओळ कुठे आहे ते सांगा, मी बदलतो. तसं करता येत नाही, म्हणाला.

पुढची आवृत्ती आली नाही. आमच्या ऑपरेटर ताई आणि मी, दोनशे ऐंशी पानं बोट ठेवून वाचली. शोधा-आणि-बदला वापरून भागत नव्हतं, कारण ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘धैर्य’ हे खरेच रफाराचे शब्द आहेत. प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं. सतरा दिवस गेले. लेखकांकडून त्याचे पैसे घ्यायला मन धजलं नाही.

त्या दिवसांत जी चीड आली ती चुकीबद्दल नव्हती. चुका आमच्याही होतात, शुद्धिपत्रं छापली आहेत आम्ही. चीड याची होती की चूक कुठे आहे हे मला माहीत, ती कशी सुधारायची हेही माहीत, आणि माझ्याच पैशाने घेतलेल्या वस्तूला मी हात लावायचा नाही.

मधल्या काळात पॅरलल पोर्टचे कॉम्प्युटर मिळेनासे झाले. डोंगलसाठी एक जुनं विंडोज एक्सपीचं मशीन जपून ठेवावं लागलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा सपोर्टही संपला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिलाच्या सॉफ्टवेअरने तोच अनुभव दिला. पुस्तकाला कर नाही आणि पत्रिकेला आहे, आणि आमच्या प्रोग्रामला एका बिलात दोन दर घेता येत नव्हते. तीन महिने बिलं हाताने लिहिली.

वळण मिळालं ते आबांच्या जुन्या कंपोझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, नातवामुळे. पुण्यात इंजिनीअरिंग शिकत होता, सुट्टीत आला होता. माझं गाऱ्हाणं ऐकून त्याने रिचर्ड स्टॉलमनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत छपाईयंत्रात कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय या माणसाने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामात केली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, तोही अडकायचा, पण त्याचा मूळ प्रोग्राम त्याला कोणी देईना. पुढे १९८३ साली त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला: वापरणाऱ्याला वाचता येईल, बदलता येईल, वाटता येईल असं सॉफ्टवेअर. अडकलेल्या कागदावरून! छापखान्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या मुलाने पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आमचा कन्व्हर्टर लिहिला. त्याला मी ठरवून पूर्ण मोबदला दिला, फुकट करून घेतलं नाही. खरी अवघड गोष्ट तक्ता नव्हती, क्रम होता. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. ते त्याने सोडवलं. तक्ता मात्र साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवला, डावीकडे जुना क्रमांक, उजवीकडे युनिकोड. पहिल्याच आठवड्यात ताईंना ‘ट्र’मध्ये चूक सापडली. त्यांनी माझी वाट पाहिली नाही. फाईल उघडली, ओळ दुरुस्त केली, पुस्तक पुन्हा चालवलं. चार मिनिटं लागली. मला त्या ट्रेडलजवळची रात्र आठवली.

फॉन्टच्या बाबतीतही तसंच. एका कवींना ‘ल’ मराठी वळणाचा, पाकळीचाच हवा होता. खुल्या परवान्याचा, म्हणजे बदलायची मुभा असलेला, फॉन्ट घेतला, फॉन्टफोर्ज या फॉन्ट बदलायच्या प्रोग्राममध्ये उघडून ‘ल’ आणि ‘श’ची वळणं बदलली. परवान्याप्रमाणे बदललेल्या फॉन्टला मूळ नाव लावता येत नव्हतं, म्हणून त्याला आबांचं नाव दिलं.

सगळंच सोडलेलं नाही. चाररंगी पत्रिका अजून विकतच्या सॉफ्टवेअरवरच होतात, कारण रंगाची खात्री तिथे जास्त मिळते आणि सीझनमध्ये प्रयोग करायला वेळ नसतो. पण पुस्तकाचं काम संपलं की लेखकाला पीडीएफबरोबर युनिकोडमधला मूळ मजकूर आणि फॉन्टही देतो. उद्या त्यांना दुसऱ्या छापखान्यात जायचं असेल तर जाता यावं.

दोनशे बारांपैकी एकशे सत्तर पुस्तकं मोकळी झाली आहेत. उरलेली बेचाळीस त्या एक्सपी मशीनमध्येच आहेत. हार्ड डिस्क आता आवाज करते, त्यामुळे दर शनिवारी दुपारी ताई एक पुस्तक काढतात.